मेहुण्याच्या हातातलं शिंग

१९ ऑक्टोबर, बुधवार

ही वही सूड घेण्यासाठी आणली आहे. शास्त्रात सूड घ्यायला मनाई आहे, मनात डूख धरायलाही मनाई आहे. पण वहीत टिपून ठेवायला मनाई असल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

आधी घडलं ते लिहितो. दोन आठवड्यांपूर्वी योम किप्पूर, आम्हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, झाला. पंचवीस तासांचा उपास, दिवसभर उभं राहून प्रार्थना आणि शेवटी शोफारची, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाची, एकच लांब फुंक. ती फुंकली की देवाचा दरवाजा बंद झाला, आता घरी जाऊन जेवा. एकतीस वर्षं ती फुंक माझी. माझ्या आधी बाबांची. बाबा गेले तेच मुळी तेव्हा, ओठ शिंगावर असताना. असं मरण मिळायला नशीब लागतं, हे मी घरी शंभरदा बोललो असेन. यंदा माझी फुंक मध्येच तुटली. डोळ्यांपुढे काळोख आला, मी कठड्याला धरलं, पुन्हा फुंकली आणि पूर्ण केली. दोन सेकंदांचा मामला. एकतीस वर्षांत दोन सेकंद.

त्यावरून हिनं मला ओढत डॉक्टरकडे नेलं. सतरा यंत्रांत घातलं. रिपोर्ट आणायला ही आणि हिचा धाकटा भाऊ गेले, मला नेलं नाही. संध्याकाळी दोघं आली. "सगळं ठीक आहे, थोडा अशक्तपणा आहे," म्हणाली. रडून डोळे सुजले होते हिचे. भावाशी भांडली असेल म्हटलं.

काल सिम्हात तोराचा सण. तोराचं, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचं, वर्षभराचं वाचन संपवून त्याच दिवशी पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायचं आणि गुंडाळ्या छातीशी धरून सिनेगॉगमध्ये नाचायचं. मोठी गुंडाळी सगळ्यांत जड, ती दरवर्षी माझ्याकडे. मी ती उचलली आणि पहिला फेराही पुरा झाला नसेल तर हा मेहुणा पुढे आला. दातांचा डॉक्टर आहे. दुसऱ्याच्या तोंडात हात घालायची सवय, त्यानं माझ्या हातात हात घातला आणि सगळ्यांदेखत गुंडाळी काढून घेतली! "भाऊजी, द्या इकडे, तुम्ही बसा." बसा म्हणे.

आणि प्रार्थना संपल्यावर अध्यक्षांनी जाहीर केलं की पुढच्या वर्षीपासून शोफार डॉक्टरसाहेब फुंकतील. मी हिच्याकडे पाहिलं. वर बायकांच्या सज्जात ती खाली मान घालून बसली होती. भावाची लाज वाटली असणार.

त्याला धड शीळही घालता येत नाही.

दरवर्षी योम किप्पूर सुटला की त्याच संध्याकाळी आम्ही सुक्काचा पहिला खिळा ठोकतो. सुक्का म्हणजे डहाळ्यांच्या छपराची झोपडी, पुढच्या सणात आठवडाभर तिच्यात जेवायचं. आमचं लग्न झालं तेव्हापासून मेहुणा खिळा धरतो आणि मी ठोकतो. यंदाही धरला होता. यापुढे धरलाच तर माझा नेम कुठे लागेल, सांगता येत नाही.

२५ डिसेंबर, रविवार

आज हनुक्काचा आठवा दिवा लागला. पहिल्या संध्याकाळी एक, दुसऱ्या संध्याकाळी दोन, असे वाढवत न्यायचे. मी प्रत्येक दिव्याला त्याचा एक अपराध आठवायचं ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशीच गाडं अडलं, कारण माणूस म्हणून पाहिलं तर त्यानं माझं फारसं काही बिघडवलेलं नाही. मग जुने उकरून काढले. आमच्या लग्नात माझा बूट लपवून हरवला होता. माझ्या साठीच्या फोटोला त्यानं बाहेरून चौकट करून आणली होती, आणि माझा धंदाच चौकटींचा! आठ भरले कसेबसे.

आजचा आठवा ताजा आहे. दुकानात काचेचे तक्ते आले, तर याने परस्पर दोन हमाल पाठवलेले. "डॉक्टरसाहेबांनी सांगितलंय, मालकांना हात लावू देऊ नका." माझ्या दुकानात, माझ्या काचेला, मी हात लावायचा नाही. आता दुकानावरही डोळा दिसतो त्याचा.

जेवणात मीठ नाही हल्ली. हिला विचारलं तर म्हणते, "अहो, तुमच्या जिभेची चव गेली असेल." शिवाय सकाळी ताकदीची म्हणून एक पांढरी गोळी देते. तिनं ताकद तर येत नाही, उलट पाय गार पडतात.

६ मार्च, सोमवार

उद्या पुरीम. आज संध्याकाळी एस्तेरची कथा वाचली जाते. हामान नावाचा वजीर आमच्या सगळ्या लोकांना एका दिवसात मारायला निघाला होता आणि शेवटी त्याने उभारलेल्या फासावर तोच लटकला. वाचताना त्याचं नाव आलं की सगळ्यांनी पाय आपटायचे, खुळखुळे वाजवायचे, नाव ऐकू येता कामा नये. काही लोक हामानचं नाव बुटाच्या तळव्यावर लिहितात आणि झिजेपर्यंत आपटतात.

मी खडूने दोन्ही तळव्यांवर नाव लिहिलं. हामानचं नाही.

चोपन्न वेळा आपटले. शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "भाऊजी, आज जोरात आहात. जरा हळू आपटा." घाबरला असेल.

८ मार्च, बुधवार

पुरीमला एकमेकांकडे खाऊचं ताट पाठवायचं असतं. मेहुण्याला मी खास बाजारातून सगळ्यांत चिवट टॉफी शोधून पाठवली. दातांचा डॉक्टर, दातांना चिकटेल, भरलेलं सगळं उपटून निघेल, पुरी जिरेल, असा बेत. पाठवण्यापूर्वी पुरेशी चिवट आहे की नाही हे पाहायला एक तोंडात टाकली.

उजवीकडची खालची दाढ अर्धी निघून आली.

रात्रभर तळमळलो आणि आज सकाळी शत्रूच्या खुर्चीत जाऊन पडलो. दुसरा डॉक्टर करणार होतो, पण हिनं भावाला फोन करून टाकला होता. तोंड उघडं, डोळ्यांवर दिवा, हातात त्याच्या सुई. माणूस याहून असहाय होऊ शकत नाही. मी मनातल्या मनात शिव्या देत होतो, बाहेर नुसतं "आँ" येत होतं.

त्यानं सहायिकेला सांगितलं, "ही भूल नको, ती दुसरी दे. बिनअॅड्रेनलिनची. यांना ती चालणार नाही, यांच्या..." आणि गप्प झाला. मी भुवया उंचावल्या. "महागातली देतोय तुम्हाला," म्हणाला. उपकार!

मग त्याने आरशाने दाढ पाहिली. तो कसा पाहतो हे मी पहिल्यांदाच जवळून पाहिलं. दिव्याशी तिरकं धरतो, नखाने सावकाश चाचपतो. "शेजारच्या दाढेलाही केसाएवढी चीर आहे, भाऊजी. अशी चीर डोळ्याला दिसत नाही, बोटाला लागते." दाढ छान बसवली, हे नाइलाजाने लिहितो. पैसे घेतले नाहीत. वर विचारतो, "टॉफी कुणी दिली हो?"

५ एप्रिल, बुधवार

आज संध्याकाळपासून पेसाह, मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटल्याचा सण. घरात पावाचा कण राहता कामा नये, म्हणून काल अंधार पडल्यावर मेणबत्ती आणि पीस घेऊन कोपरान् कोपरा शोधला. हिनं मुद्दाम लपवलेले दहा तुकडे शोधायचे आणि सकाळी जाळायचे. मी काचेच्या बशांच्या फळीपाशी गेलो तर ही धावतच आली. "ती फळी मी पाहिली आहे, तिकडे नका जाऊ." बशांच्या मागे एक मोठा तपकिरी लिफाफा दिसला. त्यावर कसलातरी शिक्का. मेणबत्तीच्या उजेडात नीट वाचता आला नाही.

घराचे कागद असणार. भावाबहिणीचं काहीतरी शिजतंय. सासऱ्यांचं घर विकायचं चाललंय आणि जावयाला पत्ता नाही.

दहा तुकडे सापडले, लिफाफा राहिला. आज रात्री जेवताना मिसरवरच्या दहा पीडा म्हणायच्या आणि प्रत्येक पीडेला प्याल्यातून एक थेंब द्राक्षरस खाली सांडायचा. शत्रू मेले तरी ती माणसंच होती, तेवढा आपला आनंद कमी करायचा, म्हणून. मी ठरवलंय, बेडकं, उवा, गळवं, सगळ्या एकाच माणसाच्या नावे म्हणायच्या आणि एकही थेंब सांडायचा नाही.

४ मे, गुरुवार

पेसाहच्या दुसऱ्या संध्याकाळपासून पुढच्या सणापर्यंत एकोणपन्नास दिवस रोज संध्याकाळी मोजायचे असतात. "आज इतका दिवस झाला" एवढंच म्हणायचं, पण एक दिवस पूर्ण चुकला तर पुढे आशीर्वाद म्हणायचा हक्क जातो. चाळीस वर्षांत माझा एकही दिवस चुकला नव्हता. यंदा सव्विसाव्यापर्यंत मोजले आणि सत्ताविसावा गेला. परवा दुपारी दुकानात चौकट कापताना उन्हाने चक्कर आली. डोळे उघडले ते काल संध्याकाळी, स्वतःच्या पलंगावर. मेहुणा उशाशी खुर्चीत बसल्या बसल्या झोपला होता, दवाखान्याचा पांढरा कोट तसाच अंगावर. ही म्हणाली, "ऊन लागलं तुम्हाला. डॉक्टर येऊन झोपेचं इंजेक्शन देऊन गेले."

मला जाग आलेली पाहून तो दचकून उठला आणि पहिलं काय म्हणाला, तर, "भाऊजी, आज अठ्ठावीस."

म्हणजे सत्ताविसावा माझा चुकला, हे मला ऐकवायलाच बसला होता.

२८ जुलै, शुक्रवार

काल तिशा बाव. जेरुसलेमची दोन्ही मंदिरं पडली तो दिवस. जमिनीवर बसायचं, उपास करायचा, रडगाणी वाचायची. हज्जानांनी, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांनी, दरवर्षीचं सांगितलं की दुसरं मंदिर शत्रूने पाडलंच नाही, लोकांच्या आपसातल्या विनाकारण द्वेषाने पाडलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी हलवली नाही. माझा द्वेष विनाकारण नाही, कारण वहीत तारीखवार लिहिलेलं आहे.

दुपारी हिनं पाण्याचा पेला आणि गोळी पुढे केली. उपासाला पाणी! मी भडकलो. तिनं पेला ठेवला नाही, धरूनच उभी राहिली. शेवटी प्यायलो. बायको म्हातारी होत चालली, धर्म विसरायला लागली.

जमिनीवर बसल्या बसल्याच बेत सुचला. दोन मंदिरं पडली त्या दिवशी सुचला, हे बरं नव्हे, पण सुचला.

जुना शोफार आमच्याकडेच असतो, कपाटात, मखमलीत. आता थेट रोश हशानाला, म्हणजे आमच्या नव्या वर्षाला, तो निघेल. त्या दिवशी शंभर फुंका असतात. शिंगाला लांबीत चीर पडली की तो बाद, त्यावर फुंकलेलं देवाकडे धरलं जात नाही. आणि चिरेचं मला काय सांगता! चाळीस वर्षं लाकूड, काच, शिंग, हस्तिदंत सगळं कापलंय.

१२ सप्टेंबर, मंगळवार

केलं.

दुकान लवकर बंद केलं. शिंग आधी ऊन पाण्यात, मग गरम हवेच्या यंत्रापुढे. मऊ पडल्यावर आतून पातळ पातं सारलं आणि लाकडी हातोडीने एकच टोला. चार बोटं लांब चीर. किती बारीक आवाज आला! मग मेणात शिंगाचीच पूड कालवून चीर भरली आणि कापडाने चकाकवली. मला स्वतःला दिसेना.

हिशेब असा आहे की गार शिंगात पहिल्या वीसतीस फुंका ठीक निघतील. मग श्वासाने मेण ऊन होईल, ढिलं पडेल आणि शिंगाचा आवाज सगळ्यांदेखत बँडबाज्यातल्या फुटक्या पिपाणीसारखा फाटेल. मेहुणा लालबुंद होईल. लोक इकडेतिकडे पाहतील. मग मी उठेन. माझ्या शालीखाली बाबांचं सरावाचं लहान शिंग असेल. उरलेल्या सत्तर फुंका मी एका दमात फुंकून दाखवेन, आणि अध्यक्षांकडे पाहीन.

बाबांचा शोफार होता हा. टोला मारताना ते आठवले. असो.

१४ सप्टेंबर, गुरुवार

मेहुणा शोफार न्यायला आला. मखमल उघडली, शिंग हातात घेतलं, खिडकीशी गेला, उजेडाशी तिरकं धरलं आणि अंगठ्याचं नख सावकाश फिरवलं. बराच वेळ पाठमोराच उभा होता.

"छान ठेवलाय, भाऊजी. तुमच्याशिवाय कुणाच्या हातात नव्हता ना?"

"माझ्याच हातात होता."

"अच्छा," म्हणाला, आणि मखमलीत गुंडाळून घेऊन गेला. चहा घेतला नाही. त्याला काही कळलं नाही.

१७ सप्टेंबर, रविवार

सणाचे दोन दिवस लिहिता येत नाही, आता तारे दिसले म्हणून बसलो.

पहिल्याच दिवशी पचका. रोश हशानाचा पहिला दिवस यंदा शब्बाथला, म्हणजे विश्रांतीच्या शनिवारी, आला हे सूडाच्या नादात माझ्या ध्यानातच नव्हतं, आणि शब्बाथला शोफार वाजत नाही. वर्षभर वाट पाहिली, आणखी एक दिवस पाहावी लागली. मधात बुडवलेलं सफरचंद घशाखाली उतरेना.

आज सगळे जमले. मी शालीखाली बाबांचं शिंग धरून पहिल्या रांगेत. मेहुणा वर चढला, पिशवीत हात घातला आणि काढला दुसराच शोफार! नवा, पिवळट, कुणाकडून तरी उसना आणलेला. मी अर्धवट उठलोच. वर सज्जात ही एकदम उभी राहिली. कठड्याला दोन्ही हातांनी धरून माझ्याकडे पाहत होती. माझ्या शालीच्या फुगवट्याकडे. तिचा चेहरा चुना लावल्यासारखा पांढरा. मी बसलो.

शंभर फुंका त्यानं फुंकल्या. कशाबशा. गाल फुगत होते, मानेच्या शिरा तटतटत होत्या, साठाव्या फुंकेला ओठातून रक्त आलं ते रुमालाने पुसून पुढे फुंकला. त्याला हे जमत नाही आणि आवडतही नाही, हे आंधळ्यालाही कळेल. मग कशाला पुढे पुढे केलं?

बाहेर आल्यावर अध्यक्ष त्याला झापत होते. "शंभर वर्षांचं शिंग! तुमच्या हातून पडतं कसं?"

"पडलं खरं," मेहुणा म्हणाला. "चूक माझी."

मी तिथेच उभा होतो. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. पडलं कुठे? म्हणजे त्याला कळलं होतं, मग सांगितलं का नाही? मला बदनाम करायची आयती संधी होती. एवढा कसला भित्रा माणूस! सूड हुकल्याचा इतका संताप झाला आहे की अक्षर नीट येत नाही.

१८ सप्टेंबर, सोमवार

योम किप्पूरच्या आत माणसाने माणसाची माफी मागायची असते. देव फक्त स्वतःपुरतं माफ करतो, माणसाचं माणसाने. समोरच्याने नाकारलं तर पुन्हा जायचं, असं तीनदा. तिन्ही वेळा नाकारलं तर मागणारा मोकळा, आणि पाप नाकारणाऱ्याच्या डोक्यावर.

आज मेहुणा आला. दारातच म्हणाला, "भाऊजी, वर्षभरात माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला. माफ करा."

"नाही," मी म्हणालो. वर्षभरात इतकं गोड काही तोंडात आलं नव्हतं.

त्याने पाणी मागितलं, दाढ कशी आहे विचारलं आणि गेला.

२० सप्टेंबर, बुधवार

आज दुकानात आला. मी काच कापत होतो. त्याला तासभर उभा ठेवला. गिऱ्हाइकं आली गेली. मग म्हणाला, "भाऊजी, दुसऱ्यांदा विचारतोय."

"नाही."

"सावकाश कापा. हात वर धरून कापू नका," असं सांगून गेला. माझ्या धंद्यातलं मला!

२२ सप्टेंबर, शुक्रवार

तिसऱ्यांदा आला, दुपारच्या जेवणाआधी. ओठ अजून फुटलेला. "भाऊजी, ही तिसरी. मला खरंच वाईट वाटतं. तुमचं सगळ्यांत आवडतं काम मी घेतलं."

कबूल केलं शेवटी! मी मान वर करून म्हणालो, "नाही, नाही आणि नाही." आणि दार लावलं.

दाराच्या भोकातून पाहिलं. मला वाटलं हात झटकून जाईल, मोकळाच झाला होता. तो जिन्याच्या पायरीवर बसला. बराच वेळ. मग मागच्या दाराने ही पाणी घेऊन गेली आणि त्याच्या शेजारी बसली. चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला जिन्यात बसलेलं पाहिलं नव्हतं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता.

जिंकलो आहे. तरी जेवण गेलं नाही.

२४ सप्टेंबर, रविवार, दुपार

आज संध्याकाळी योम किप्पूर लागतो. वेळ थोडा आहे, भराभर लिहितो.

सकाळी दहाला हिनं टेबलावर तो तपकिरी लिफाफा आणून ठेवला. समोर बसली.

"माफी मागायची आहे," म्हणाली. "मी तीनदा मागणार नाही, मला तेवढं बळ नाही. एकदाच ऐका. शोफार मी काढून घ्यायला लावला. गुंडाळीही. हमालही मीच सांगितले होते. त्याला मी शपथ घातली होती."

लिफाफ्यात छातीचे फोटो. हृदयातून निघणारी मोठी नळी फुगली आहे. ऑपरेशन करून चिरण्याजोगी नाही, ताण पडला तर फुटेल. जोर करायचा नाही, ओझं उचलायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. खाली डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहिलंय की फुंकायचं कोणतंही वाद्य अजिबात नको. तारीख मागच्या ऑक्टोबरची.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर सोडलं असतं? खरं सांगा."

मी फोटो पुन्हा लिफाफ्यात घातले.

"ओठ शिंगावर असताना मरण यायला नशीब लागतं, हे मी किती वर्षं ऐकतेय. तुम्ही त्याच दिवशी जाऊन फुंकलं असतं. मला असा नशीबवान नवरा नको होता हो. मीठ न घातलेलं जेवणारा, चिडका, वहीत काहीतरी खरडणारा चालला असता."

मग ती रडली. मी रडलो नाही, पण वही उघडून पहिल्या पानापासून वाचली. काचा, भूल, अठ्ठावीस, हळू आपटा. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. इतका गाढव माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि चाळीस वर्षं मी लोकांचे फोटो पाहतोय.

तिला माफ केलं का? गोळी मागून घेतली. तेवढं तिला पुरलं असावं.

बाराला मेहुण्याच्या दवाखान्यात गेलो. हळू चाललो. हत्यारं उकळायला ठेवून तो हात पुसत होता. मी सगळं सांगितलं, चीर, मेण, पातं, टोला. "मला माफ कर."

त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. आणि म्हणाला, "नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"चिरेचा राग नाही, भाऊजी. ती त्याच दिवशी बोटाला लागली. तुम्ही शालीखाली दुसरं शिंग घेऊन उठलात, त्याचा राग आहे. ताईला ते वरून पाहावं लागलं. ती अजून झोपत नाही."

"मला माहीत नव्हतं."

"माहीत असतं तर?"

तेच विचारतात भाऊबहीण दोघं. दाराशी जाऊन परत वळलो. "दुसऱ्यांदा मागतो."

"दुसऱ्यांदाही नाही," तो म्हणाला. आवाज चिडलेला होता. वर्षभर मला हवा होता तो हाच, समोरासमोर चिडलेला मेहुणा. "जा आता. जेवून घ्या, उपास लागेल. आणि उपासात गोळी पाण्याबरोबर घ्यायची, हज्जानांना मी विचारून ठेवलंय."

तिसरी वेळ राहिली आणि ही हाक मारतेय.

२५ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळ

संपलं. जेवून लिहितो.

दिवसभर मागच्या रांगेत बसून होतो. दुपारी हिनं सज्जातून खूण केली तेव्हा सगळ्यांदेखत गोळी घेतली आणि घोटभर पाणी प्यायलो. कुणी काही म्हटलं नाही. किती लोकांना आधीपासून माहीत आहे, देव जाणे.

शेवटच्या प्रार्थनेला सगळे उभे राहिले. मेहुण्याने तेच उसनं शिंग ओठाला लावलं. माझे ओठ आपोआप मुडपले गेले, छाती श्वास भरायला लागली. वर पाहिलं. ही माझ्याकडेच पाहत होती. मी श्वास सोडून दिला, हलकेच, तिला दिसेल असा. एकतीस वर्षांत इतकं कठीण काही केलं नव्हतं. मेहुणा फुंकत राहिला. आवाज मध्ये थरथरला, पण तुटला नाही. माझ्यापेक्षा चार मोजण्यांनी कमीच पडला, हे इथे लिहिलंच पाहिजे.

घरी येऊन थोडं खाल्लं आणि अंगणात गेलो. सुक्काचे वासे भिंतीला टेकवलेले होते, हमालांनी आणून ठेवलेले. हातोडा घेऊन उभा राहिलो. एकट्याने खिळाही धरायचा आणि ठोकायचाही, हे मी कधी केलेलं नाही. फाटक वाजलं.

मेहुणा आला. माझ्या हातातला मोठा हातोडा काढून घेतला आणि खिशातून लहान हातोडी काढून दिली. ही दारात उभी राहून म्हणाली, "एकच खिळा हं! बाकीचे तो ठोकेल."

त्याने वाशावर खिळा टेकवला आणि डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला. त्याच बोटांनी तो चिरा शोधतो, त्यांच्यावरच त्याचं पोट आहे.

"तिसऱ्यांदा मागतो," मी म्हणालो.

"आधी खिळा ठोका, भाऊजी."

मी हातोडी उचलली. माझ्या वहीत काय काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नव्हतं, पहिल्या पानावरच्या नेमाचं तर मुळीच नाही. तरी वाटतं, ठाऊक असतं तरी त्याने बोटं मागे घेतली नसती.

नेम चुकला नाही.